तक्त्याची झाकलेली ओळ

मित्रांनो, मी तक्ता आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. पाढ्यांचा नाही आणि फळाफुलांचाही नाही. मी प्रूफांच्या खुणांचा तक्ता आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी असा तक्ता कधी पाहिला नसेल, म्हणून आधी माझी नीट ओळख करून देतो.

पुस्तक छापण्यापूर्वी त्याच्या मजकुराचा एक कच्चा कागद काढून बघतात. त्याला प्रूफ म्हणतात. प्रूफात चुका असायच्याच. त्या शोधणारा माणूस लाल शाईने कागदावर खुणा करतो आणि खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवणारा जुळारी त्या खुणा बघून मजकूर दुरुस्त करतो. आमच्या छापखान्यात हे दोघे दोन वेगळ्या खोल्यांत बसत. त्यांचे दिवसभराचे बोलणे या खुणांतूनच चाले. शब्दावर रेघ मारून तिच्या टोकाला वेटोळे दिले, की 'हा शब्द काढा'. दोन शब्दांच्या मध्ये खाली हंसपद काढले, की 'इथे काही राहिले आहे, ते घाला'. चिकटलेले शब्द सोडवायची खूण वेगळी, सुटलेले शब्द जवळ घ्यायची वेगळी. अशा बारा खुणा माझ्या अंगावर बारा ओळींत आहेत. त्यांतल्या अकरांचा मला अभिमान आहे. बाराव्या खुणेमुळे माझ्या जिवाला जी टोचणी लागली, ती सांगण्यासाठी आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म एका भांडणातून झाला. तेव्हा छापखान्यात प्रूफे तपासणारे दोघे जण होते आणि त्यांचे एकमेकांशी अजिबात पटत नसे. एक जण काढायच्या शब्दाभोवती गोल करी आणि दुसरा नेमका ठेवायच्या शब्दाभोवती गोल करी. एकदा एका नाटकाच्या जाहिरातीतून नाटकाचे नावच उडाले आणि 'तिकिटे दारावर मिळतील' एवढेच छापून गेले. लोक दारावर येऊन विचारू लागले, की तिकिटे कशाची? तेव्हा सगळ्यांत जुन्या जुळाऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, हात टेकले.

"तुम्ही खुशाल भांडा," आप्पा त्या दोघांना म्हणाले. "पण काय ते एकदा ठरवा आणि भिंतीवर लावा. आम्ही भिंतीचं ऐकू."

मग दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावले. जाड पुठ्ठा, पाठीला कापड, वर-खाली लाकडी पट्ट्या, काळी अक्षरे आणि लाल खुणा असा मी तयार झालो. पेंटरचा हात हातभर उंचीच्या अक्षरांना सरावलेला होता. माझी बारीक अक्षरे काढताना त्याची कंबर धरली आणि सातव्या ओळीत त्याने दोन शब्द चिकटवून टाकले. सगळे माझ्याभोवती कौतुकाने उभे असताना एक बाई पुढे आल्या. त्या महिन्याभरापूर्वीच प्रूफे तपासायला लागल्या होत्या. त्यांनी लाल पेन काढले आणि शब्द सोडवायची खूण थेट माझ्याच अंगावर केली. सगळे पोट धरून हसले. मला मात्र राग आला. दुसऱ्यांच्या चुका दाखवायला जन्मलेल्याची चूक कोणी चारचौघांत दाखवली तर राग येणारच. ती खूण अजून माझ्या अंगावर आहे आणि आता ती मला फार प्रिय आहे.

दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर, खिडकीसमोर, मला टांगले. ते दिवस माझ्या मानाचे होते. नवीन माणूस कामाला आला, की आप्पा त्याला माझ्यासमोर उभे करत आणि खिळे उचलायच्या चिमट्याने एकेका खुणेवर टकटक करून विचारत. बारापैकी बारा आल्याशिवाय त्याला खिळ्यांना हात लावू देत नसत. छापखाना बघायला कोणी पाहुणा आला, तर मालक आधी मला दाखवत आणि मग यंत्र. यंत्राला याचे वाईट वाटत असेल, पण मी काय करणार?

बाई मात्र माझ्याकडे कधी बघत नसत. त्यांना सगळे पाठ होते. नाकावर एक चष्मा, केसांवर दुसरा आणि हातात लाकडाची पातळ पट्टी. ती पट्टी ओळीखाली ठेवून त्या एकेक अक्षर वाचत आणि चूक सापडली, की तिच्याशीच बोलत. "इथे कुठं येऊन बसलीस गं?" असे त्या एखाद्या भरकटलेल्या मात्रेला म्हणत. भांडणारे ते दोघे यथावकाश निवृत्त झाले आणि सगळी प्रूफे बाईंच्या टेबलावर आली. आप्पा आणि बाई यांची जोडी अशी जमली, की त्यांना माझी गरजच उरली नाही. पुढच्या काही वर्षांत नवा माणूसही कोणी आला नाही. माझ्यावर धूळ बसली. रोज दुपारी खिडकीतून ऊन यायचे आणि माझा लाल रंग थोडा थोडा घेऊन जायचे.

अशातच एक दिवस मालकांनी एक सूचना छापून घेतली: 'शांतता राखा'. यंत्राला वाचता येत नसल्यामुळे त्याचा आवाज काही कमी झाला नाही. पण भिंतीवर दुसरीकडे ओल होती, म्हणून मालकांनी तो कागद खळ लावून माझ्याच खालच्या भागावर चिकटवला. माझी बारावी ओळ त्याखाली गेली.

बाई तिथून जात होत्या. त्या थांबल्या. "मालक, खालची ओळ झाकली गेली."

"तुम्हाला पाठ आहे ना ती?"

"आहे."

"आप्पांना?"

"त्यांनाही आहे."

"मग झालं तर," मालक म्हणाले आणि हात पुसत निघून गेले.

बाईंनी कागदाकडे पाहिले. मला वाटले, त्या कागद काढतील. पण त्यांच्या टेबलावर प्रूफे पडली होती. 'उद्या बघू' असे स्वतःशी म्हणून त्या आत गेल्या. तो उद्या चार वर्षे आला नाही.

ती झाकलेली ओळ कोणती होती, ते आता सांगतो. प्रूफ तपासताना आपण एखादा मजकूर खोडतो आणि मग लक्षात येते, की नाही, तो असायलाच हवा. खोडलेले परत कसे आणायचे? त्यासाठी आमच्या छापखान्यात खोडलेल्या शब्दांखाली टिंबांची रांग द्यायची आणि समासात, शिक्षक बरोबर उत्तराला करतात तशी, बरोबरची खूण करायची असे ठरले होते. म्हणजे 'खोडले असले तरी राहू द्या'. बारा खुणांत ही एकच खूण अशी, की जी स्वतःची चूक कबूल करते.

मग आप्पांचे हात थरथरू लागले आणि ते घरी बसले. त्यांच्या जागी दुसऱ्या छापखान्यातून एक जुळारी आले. वीस वर्षांचा अनुभव, अबोल स्वभाव आणि सफाईदार हात. त्यांच्या जुन्या छापखान्यात खुणा थोड्या होत्या आणि बाकी सगळे समासात शब्दांत लिहून देत. माझ्यासमोर उभे करून चिमट्याने टकटक करणारे आता कोणी नव्हते. एवढ्या अनुभवी माणसाची परीक्षा काय घ्यायची, असे सगळ्यांना वाटले.

त्यांच्या तिसऱ्याच दिवशी दवाखान्याची पुस्तिका आली. हिरव्या मुखपृष्ठाची, लहान मुलांच्या आजारांबद्दल आयांसाठी लिहिलेली. अकराव्या पानावर खोकल्याच्या एका औषधाची माहिती होती आणि 'एक वर्षाच्या आतल्या बाळाला हे औषध अजिबात देऊ नये' असे वाक्य होते. हे वाक्य जुळाऱ्यांच्या हातून चुकून दोनदा जुळवले गेले होते, एकदा पानाच्या वर आणि एकदा खाली. बाईंनी आधी वरचे खोडले. मग पान पुरे वाचल्यावर त्यांना वाटले, की औषध किती द्यायचे हे वाचण्याआधी आईला हे वाक्य दिसले पाहिजे. म्हणून त्यांनी वरच्या वाक्याखाली टिंबे दिली, समासात बरोबरची खूण केली आणि खालचे वाक्य खोडले. त्यांचे काम चोख होते. प्रूफ जुळाऱ्यांच्या टेबलावर ठेवून त्या दुपारीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या.

जुळाऱ्यांनी खालचे वाक्य काढले आणि वरच्याशी आले. "रेघ मारलीय. पुढे बरोबरची खूण केलीय," ते पुटपुटले. "म्हणजे नक्की काढा, असंच ना? मग ही टिंबं कशाची?"

मित्रांनो, तो माणूस निष्काळजी नव्हता. हे मी शपथेवर सांगेन. त्याला शंका आली आणि तो उठून माझ्याकडे आला. कितीतरी वर्षांनी कोणीतरी मला विचारायला आले होते. त्याचे बोट पहिल्या ओळीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असे खाली सरकत गेले. अकरावी ओळ झाली. पुढे 'शांतता राखा' होते. बोट तिथेच थांबले. त्या कागदाखाली, बोटाच्या अगदी खाली, त्याला हवे होते ते उत्तर होते. मला ओरडावेसे वाटले. पण माझ्या अंगावर जे लिहिले आहे तेवढेच मला बोलता येते आणि तेच झाकलेले होते.

त्याने इकडेतिकडे पाहिले. बाई नव्हत्या. शेजारच्या टेबलांवर माणसे होती, पण वीस वर्षे काम केल्यावर 'ही टिंबं कशाची' असे विचारायला जीभ रेटली नाही. तो परत गेला आणि त्याने वरचे वाक्यही काढून टाकले.

आमच्याकडे आणखी एक पद्धत होती. पानात पाचापेक्षा कमी खुणा असल्या, तर त्या पानाचे दुसरे प्रूफ काढत नसत. वेळ वाचतो म्हणून. अकराव्या पानावर चारच खुणा होत्या. पुस्तिका छापली गेली, बांधली गेली आणि दोन हजार प्रती दवाखान्याने घरोघर वाटल्या.

तीन आठवड्यांनी दवाखान्यातल्या एक परिचारिका आल्या. त्यांनी ती हिरवी पुस्तिका बाईंच्या टेबलावर उघडी ठेवली. त्यांचा आवाज चढलेला नव्हता आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

"डॉक्टरांनी लिहून दिलेलं एक वाक्य यात नाही," त्या म्हणाल्या. "आठ महिन्यांचं बाळ आहे. दोन दिवस जागं होत नव्हतं. आज सकाळी त्यानं डोळे उघडले. त्याची आई सारखं एकच म्हणतेय, पुस्तकात होतं तसंच दिलं."

बाईंनी कपाटातून जुने प्रूफ काढले. टिंबे जागेवर होती. मालक आले, जुळाऱ्यांना बोलावले.

"वीस वर्षं काम केलं म्हणता, आणि एवढी खूण कळत नाही?" मालक म्हणाले.

"तक्त्यात बघितलं होतं मालक. ही खूण तक्त्यात नाही."

"नाही कशी? बाई, सांगा यांना."

बाई उठल्या. त्या माझ्यापाशी आल्या, ओल्या फडक्याने तो कागद भिजवला आणि नखाने सोलून काढला. चार वर्षे त्या ओळीला ऊन लागले नव्हते. बाकीच्या अकरा ओळींतल्या खुणा फिक्या गुलाबी झाल्या होत्या आणि ही एकटी अजून लालभडक होती. जुळाऱ्यांनी ती वाचली आणि प्रूफावरची टिंबे पुन्हा पाहिली.

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "येता-जाता रोज दिसत होतं. मला पाठ होतं, म्हणून मी गप्प बसले."

"कागद तर मी लावला," मालक हळूच म्हणाले.

त्यानंतर कोणी कोणाला बोल लावला नाही. आणखी किती घरांत बाळे असतील, हा एकच विचार सगळ्यांच्या डोक्यात होता. यंत्र बंद झाले. परिचारिकांनी घरांची यादी दिली आणि छापखान्यातला प्रत्येक माणूस दारोदार फिरू लागला. गेल्या गेल्या आधी ते वाक्य तोंडी सांगायचे आणि मग पुस्तिका मागायची, असे बाईंनी बजावले होते. मालकांचे म्हणणे होते, की दुरुस्तीची छापील चिठ्ठी अकराव्या पानावर चिकटवून द्यावी.

"चिकटवलेला कागद नको," बाई म्हणाल्या. "तो गळून पडतो, नाहीतर दुसरं काहीतरी झाकतो. हातानं लिहू."

म्हणून परत आलेल्या प्रत्येक प्रतीत लाल शाईने हंसपद काढून ते वाक्य समासात हाताने लिहिले. सर्वांत जास्त प्रती जुळाऱ्यांनी लिहिल्या. त्यांची बोटे सुजली, तरी ते उठायचे नाव घेईनात. बाईंनी प्रत्येक प्रत पट्टी लावून तपासली. दोन हजार वेळा तेच वाक्य, तरी एकही न वाचता सोडली नाही. म्हणजे दोन हजार म्हणायची सवय लागली आहे, पण हिशेब तसा पुरा झाला नाही. एकेचाळीस प्रती मिळाल्याच नाहीत. कोणी गाव सोडून गेले होते, कोणाला आठवत नव्हते, कोणी दुसऱ्या कोणाला देऊन टाकली होती. बाईंनी पेन्सिलीने माझ्या खालच्या कडेला '४१' लिहिले.

ते बाळ बरे झाले. पुढे चालू लागले, बोलूही लागले. थोडे उशिरा बोलले म्हणतात. तो उशीर औषधामुळे की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. बाईंनी मात्र स्वतःपुरता निकाल देऊन टाकला होता.

एकच खूण असली तरी दुसरे प्रूफ काढायचे, असा नियम त्या महिन्यापासून झाला. नवा माणूस आला, की बाई स्वतः त्याला माझ्यासमोर उभे करत आणि सुरुवात शेवटच्या ओळीपासून करत. पण त्या मात्रांशी बोलेनाशा झाल्या. सुटीच्या दिवशी त्या रद्दीच्या दुकानांत जाऊन हिरवी पुस्तिका शोधत. रद्दीवाले त्यांना 'हिरव्या पुस्तकाच्या बाई' म्हणू लागले. निवृत्त झाल्यावरही त्यांचे हे सुटले नाही. एक प्रत शिवणाच्या डब्यात सापडली. एक तर एका घरात टेबल डुगडुगू नये म्हणून पायाखाली घातलेली होती. बाईंनी तिथे दुसरा कागद दुमडून घातला आणि ती घेऊन आल्या. प्रत मिळाली, की त्या छापखान्यात येत, जुळारी त्यात वाक्य लिहीत, बाई तपासत, आणि मग माझ्या कडेवरचा आकडा खोडून खाली नवा लिहीत. ४१ चे ३८ झाले, ३८ चे ३०, मग २२, १७, १२. शेवटी ९ वर येऊन आकडा अडला.

पुढे खिळे गेले आणि संगणक आला. मला भिंतीवरून काढून मागच्या खोलीत, जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांमागे उभे केले. माझी त्याबद्दल तक्रार नाही. ज्याच्यामुळे एक बाळ दोन दिवस जागे झाले नाही, त्याने मानाची जागा कोणत्या तोंडाने मागायची? तुम्ही म्हणाल, यात तुझा काय दोष? हे मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिले आहे. पण ते बोट येऊन थांबते आणि मी गप्प असतो, हे काही केल्या मनातून जात नाही.

बाई किती तरी दिवस आल्या नाहीत. मग एका सकाळी जुळारी आले. पाठीत वाकलेले, हातात काठी. त्यांनी गठ्ठे बाजूला सारले, खिशातून पेन्सिल काढली, ९ वर रेघ मारली, तिच्या टोकाला नीट वेटोळे दिले आणि खाली ८ लिहिले. 

"रद्दीतच मिळालं," ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःलाच, ते कळले नाही. "दोन महिने आधी मिळालं असतं, तर बाईंना दाखवलं असतं."

आता या खोलीत ऊन येत नाही, तरी माझ्या अकरा ओळी पुसल्यातच जमा आहेत. बारावी तेवढी स्पष्ट वाचता येते. मित्रांनो, तुम्हाला एखादी गोष्ट पाठ असेल, तर फार बरे. पण ज्या पाटीवर, ज्या वहीत, ज्या भिंतीवर ती लिहिलेली आहे, ती झाकू नका. ती तुमच्यासाठी नसतेच. तुमच्यानंतर येणाऱ्या, विचारायला लाजणाऱ्या माणसासाठी ती असते.

आणि एक काम करा. तुमच्या घरात जुन्या कपाटात, ट्रंकेत, टेबलाच्या पायाखाली एखादी हिरवी पुस्तिका असेल, तर अकरावे पान उघडा. समासात लाल अक्षरांत काही लिहिलेले नसेल, तर जी मिळेल ती पेन्सिल घ्या, पहिल्या ओळीखाली हंसपद काढा आणि लिहा: एक वर्षाच्या आतल्या बाळाला हे औषध अजिबात देऊ नये. लिहून झाले, की कोणाकडून तरी तपासून घ्या. मग इकडे येऊन माझ्या कडेवरच्या आठाचे सात करा.